धाकू मेस्त्रीची कुर्ली

असल्फ्याच्या टेकडीवर, सार्वजनिक नळाच्या ओट्यापाशी धाकू परब चिंचेने हात घासायला बसला, की शेजारपाजारचे समजून जायचे की मेस्त्रींचं आज पुन्हा बिनसलंय. चिंच पितळेच्या भांड्यांना लावतात, माणसाच्या हातांना नाही. पण धाकूच्या हातांना पितळेचा वास येत होता, निदान त्याच्या स्वतःच्या नाकाला तरी येत होता, आणि तो साबणाने जात नव्हता. त्याची बायको शेवंती दारात उभी राहून बघायची.

"कित्याक चोळतंस इतक्या? कातडा सोलान जातला," ती म्हणायची.

तो चोळतच राहायचा. ताटात बांगड्याचं तिखलं असलं तरी घास तोंडाशी नेताना त्याचं नाक आक्रसायचं आणि अर्ध्या जेवणावरून तो उठायचा. मालवणी माणूस मासे टाकून उठतो म्हणजे दुखणं साधं नाही, हे शेवंतीला डॉक्टरने सांगावं लागलं नव्हतं.

एके काळी हाच माणूस हाताचा वास मिरवायचा. कुडाळकडून सातवी करून मुंबईला आला, परळच्या एका गिरणीत फिटर झाला आणि वीस वर्षं गिरणीचं तेल हाताला लावून घेतलं. मशीन बंद पडलं की हा त्याला कान लावायचा आणि कुठल्या दात्यात काय अडकलंय ते सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. आडनाव परब, पण मेस्त्री ही पदवी त्याला तिथेच मिळाली आणि ती त्याने पद्मश्रीसारखी सांभाळली. मग ब्याऐंशी साली संप झाला. संपाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. धाकूला त्यातून एवढंच कळलं, की ज्यांनी आयुष्यभर कापड विणलं त्यांच्या अंगावर धड सदरा राहिला नाही आणि ज्यांनी धाग्याला कधी हात लावला नाही त्यांचं एका दिवसाचंही जेवण चुकलं नाही. श्रीमंती कष्टातून येते असं शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं. कोणाच्या कष्टातून, ते सांगायचं गुरुजी विसरले असणार.

दीड वर्ष घरी बसून मग तो मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका शेडमध्ये लागला. शेडचं नाव शांती प्रिसिजन वर्क्स. मालक श्यामकांत सबनीस, स्वतः इंजिनियर, राहायला मुलुंडला. शांती हे त्यांच्या आईचं नाव. केबिनमध्ये तिचा हार घातलेला फोटो होता, नाकात नथ, नजर थोडी करडी. दर दोन ऑक्टोबरला सबनीस त्या फोटोखाली उभे राहून कामगारांना पेढे वाटायचे आणि जगाला आज शांततेची किती गरज आहे यावर दहा मिनिटं बोलायचे. बोलायचे छान. कामगारांना अहोजाहो करायचे, मेस्त्री म्हणून हाक मारायचे. गिरणीत सायबाच्या शिव्या खाल्लेल्या धाकूला हे इतकं गोड वाटलं, की त्याने त्या माणसाला पहिल्याच वर्षी मनात देव्हाऱ्याजवळची जागा देऊन टाकली.

तिथेच खंडूचा डोळा गेला.

खंडू धाकूच्याच गावचा, धाकूनेच शेडमध्ये लावलेला. हा ग्राइंडरवर असायचा. काम लवकर व्हावं म्हणून सबनीसांनी ग्राइंडरच्या मोटरला जुन्या पुलीशेजारी एक मोठी पुली बसवून बेल्ट तिच्यावर घेतला होता. दगड पूर्वीपेक्षा कितीतरी जोरात फिरू लागला आणि एका दुपारी फिरता फिरता फुटला. एक तुकडा खंडूच्या उजव्या डोळ्यात गेला. सबनीस स्वतः गाडीतून त्याला हॉस्पिटलात घेऊन गेले, खर्च केला, आणि नंतर त्याला पॅकिंगला बसवलं. बेल्ट मात्र त्या मोठ्या पुलीवरच राहिला.

धाकूला झोप येईना. खंडूची बायको समोर आली की त्याची नजर खाली जायची. महिनाभर तो जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या पितळेशी खटपट करत बसला. त्यातून एक वस्तू तयार झाली, आंब्याच्या कोयीएवढी. मध्ये एक बारीक स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंनी दोन वाकडे पितळी हात, मिटलेले. ही वस्तू फिरत्या दांड्यावर बसवायची. दांडा ठरल्या वेगाने फिरला तर ती गप्प बसून राहायची. वेग हद्दीबाहेर गेला की फिरण्याच्या जोरानेच तिचे हात फटकन बाहेर फेकले जायचे, शेजारच्या खटक्यावर आपटायचे आणि मशीन बंद. स्प्रिंगचा ताठा राहत नव्हता, तर त्याने ती लाल करून खोबरेल तेलात विझवली. तेल शेवंतीच्या बाटलीतलं. मिटून बसायची आणि डिवचलं की नांग्या उघडायची, म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं कुर्ली. त्यांच्याकडे खेकड्याला कुर्लीच म्हणतात.

सबनीसांनी ती हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली. "झकास, मेस्त्री," ते म्हणाले. "तुम्ही तर संशोधक निघालात."

"सगळ्या ग्राइंडरना बसवूया साहेब. चारच तर आहेत."

"बसवू की. पण बघा, दर थोड्या वेळाने मशीन बंद पडायला लागलं तर काम कसं होणार? जरा विचार करू."

"आणि साहेब, तिच्यावर माझं नाव..."

सबनीस हसले. पेटंट वगैरे ही मोठ्या लोकांची भानगड आहे, वर्षानुवर्षं चालते, असं त्यांनी समजावलं. कुर्ली आणि तिचं ड्रॉइंग केबिनच्या कपाटात गेलं आणि कपाटाला कुलूप लागलं. विचार दोन वर्षं चालला. ग्राइंडर तसेच भणभणत राहिले.

सत्याऐंशी साली सबनीसांनी कपाट उघडलं. मोठी ऑर्डर आली होती. "फ्यूजचं काम आहे," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "पितळेची बॉडी आणि आत मेस्त्रींची कुर्ली. हजारांनी लागणार." आणि मग धाकूकडे वळून, सगळ्यांच्या देखत, "प्रत्येक नगावर एक खूण मारायची आहे. ती तुमच्या नावाची मारू. 'धा.' पंच करून घ्या."

धाकूला त्या दिवशी काय वाटलं ते विचारू नका. पोलादाचा तो पंच, टोकावर उलटा कोरलेला 'धा', त्याने स्वतः घासून, कडक करून तयार केला. रोज संध्याकाळी ट्रेमधल्या कुर्ल्या ओळीने लावून हातोडीच्या एकेका ठोक्याने तो स्वतःचं नाव मारायचा. दुसऱ्या कोणाला मारू द्यायचा नाही. पंच घरी घेऊन जायचा, सकाळी घेऊन यायचा.

फ्यूज म्हटल्यावर असल्फ्याच्या माणसाला काय समजणार? टेकडीवर दिवे दर दोन दिवसांनी जायचे. अंधार झाला की कोणीतरी हाक मारायचं, "मेस्त्रीनू, तुमचो फ्यूज पाठवा मरे," आणि धाकू ऐटीत सांगायचा, येतोय, वर्षभरात सगळीकडे आमचाच फ्यूज असेल. शेवंतीने सत्यनारायण घातला. प्रसादाला आलेल्यांना पेटीतून काढून एक कुर्ली दाखवण्यात आली आणि बायकांनी ती हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी ठेवली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण धाकूने ती स्वतःला कधी माफ केली नाही. त्याला शंका आली होती. ड्रॉइंगवर कुर्ली उघडण्याचा वेग लिहिला होता, मिनिटाला हजारो फेरे. घरातला फ्यूज पोर्सेलिनच्या बैठकीत मख्खासारखा बसून असतो. तो फिरतो कशाला? त्याने एकदा विचारलंही. "मोठ्या मोटरचा आहे," सबनीस म्हणाले, मान वर न करता. ज्या माणसाला मशीन खोटं बोललेलं कानाने कळायचं, त्याने हे उत्तर गिळलं आणि वर पाणी प्यायला. खिशात 'धा'चा पंच होता ना. नाव मिळतंय म्हटल्यावर माणूस प्रश्न विचारायचं कसं विसरतो, याचा नमुना बघायचा तर धाकूकडे बघावं.

शेडच्या गेटवर भीमराज नावाचा वॉचमन होता. साताऱ्याकडचा, फौजेतून रिटायर झालेला, तोफखान्यातला. फार बोलायचा नाही. त्या वर्षी पेपर उघडला की तोफांच्याच बातम्या असायच्या. चहाच्या वेळी सगळे त्यावर अक्कल पाजळायचे आणि भीमराजला मध्ये ओढायचे. तो नुसता विडी ओढत बसायचा. एका सकाळी धाकू पूर्ण जोडलेला एक नग हातात घेऊन गेटवर आला. पितळेची निमुळती बॉडी, आत कुर्ली, 'धा' वर दिसेल असा. दाखवायची हौस.

भीमराजने विडी विझवली. नग हातात घेतला, अंगठा त्याच्या टोकावरून फिरवला आणि परत दिला. "कशाचा म्हनला ह्यो?"

"फ्यूज. मोटरचा."

"मेस्त्री, ह्यो गोळ्याच्या नाकावर बसतो."

"कसल्या गोळ्याच्या?"

"तोफंच्या. त्यालाबी फ्यूजच म्हनत्यात. असलं शेकड्यानं बसवल्यात म्या, एकाहत्तरला." त्याने बोट बोटाभोवती फिरवून दाखवलं. "गोळा नळीतून सुटला की गरागरा फिरतो. तोवर मुका. फिराया लागला की ह्या नांग्या उघडत्यात, आतली सुई मोकळी हुते. मग जिथं पडंल तिथं फुटतो. ह्या नांग्या नसत्या तर आपल्याच नळीत फुटला असता."

धाकूने नग फिरवून पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे माणसं वाचतात हिच्यामुळे."

"आपली वाचत्यात की." भीमराजने दुसरी विडी काढली आणि पेटवली नाही. "एक गोळा गावात पडला हुता आमचा. चुकून. दुसऱ्या दिवशी म्या बघाया गेलो. जाऊ नगं म्हनून सांगितलं हुतं सायबानं, तरी गेलो." एवढं सांगून त्याने ती न पेटवलेली विडी परत खिशात ठेवली.

त्या दिवशी पहिल्यांदा धाकूला स्वतःच्या हातांना पितळेचा वास आला. पाण्याने धुतले, साबणाने धुतले, रॉकेलने पुसले. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. सत्यनारायणाच्या ताटाशेजारची कुर्ली त्याला आठवली आणि स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटलं.

दोन दिवस त्याने मनाची समजूत घातली. फौजेचं काम आहे. गावाकडे घरटी एक शिपाई, कुर्ली आपल्याच पोरांच्या हातात जाणार, त्यांच्या नळीत फुटणार नाही. युद्ध काही आपण काढलेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो केबिनमध्ये गेला आणि विचारलं, "साहेब, हे तोफेच्या गोळ्याचं काम आहे?"

सबनीस दचकलेसुद्धा नाहीत. खुर्ची दाखवली. "कोण म्हणालं? भीमराज? असू दे. आहे."

"सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. आपल्या देशाचं काम म्हटल्यावर..."

"देशाचं कुठलं?" सबनीस समजूतदारपणे हसले. "सरकार इतक्या पटकन ऑर्डर देतं का? एक व्यापारी आहे, बाहेरचा. तिकडे दोन देश लढतायत, बरीच वर्षं झाली. तो दोघांनाही पुरवतो, त्यामुळे आपली ऑर्डर पडायची भीती नाही. आणि तुम्ही काही चुकीचं समजला नव्हतात, मेस्त्री. कागदावर ते विजेचेच फ्यूज आहेत."

"दोघांनाही?"

"धंदा आहे. आपण नाही दिलं तर लुधियानावाला देईल, राजकोटवाला देईल. इथे चाळीस घरं चालतात यावर."

"आणि लढाई थांबली तर?"

"वर्षभर तरी नाही थांबत," सबनीस म्हणाले, आणि ते खरोखर धीर देण्याच्या आवाजात म्हणाले. समोरच्या माणसाला नोकरीची काळजी वाटते आहे, असंच त्यांना वाटलं होतं. धाकूला शिसारी आली ती त्या आवाजाची. लबाड माणसाचा राग करता येतो. हा माणूस लबाडसुद्धा नव्हता. जेवून ढेकर द्यावा इतक्या सहज तो हे बोलत होता, आणि त्याच्या डोक्यावर भिंतीवर आई हार घालून बसली होती. दोन्हीकडचे गोळे, दोन्हीकडे 'धा', आणि दोन्हीकडून मरणाऱ्यांत एकही सबनीस नाही. गिरणीतही हेच होतं, फक्त तिथे कापड निघायचं, अंगावर तरी घालता यायचं.

"साहेब, मग कंपनीचं नाव का नाही मारलं? शांती? माझं कशाला?"

पहिल्यांदाच सबनीस गडबडले. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, पुन्हा ठेवला. "खूण तर हवीच होती, मेस्त्री. त्या व्यापाऱ्याची अटच आहे. पण ते... आईचं नाव आहे ते."

धाकूची आई कुडाळच्या एका वाडीत तापाने गेली होती. सहा मुलांतला हा सगळ्यात लहान, म्हणून तिने त्याला धाकू म्हटलं. हे नावही कोणाच्या तरी आईनेच ठेवलं होतं. पण ते सबनीसांना सांगून काय उपयोग होता? भिंतीवर फोटो नव्हता तिचा.

"मी नाही करणार हे काम," तो म्हणाला. "स्प्रिंग माझ्याशिवाय कोणाला जमायची नाही."

सबनीसांनी खणातून ड्रॉइंग काढून त्याच्यासमोर सरकवलं. खाली कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं. स्प्रिंग किती लाल करायची, किती वेळ, आणि कशात विझवायची. खोबरेल तेलात. "तुम्हीच सांगितलं होतंत मला," ते सौम्यपणे म्हणाले. "राग निवला की या."

धाकू केबिनमधून बाहेर आला. सरळ पॅकिंगच्या टेबलाशी गेला. खंडू एका डोळ्याने कुर्ल्या मोजून पेटीत लावत होता, बारा ओळी, ओळीत बारा. धाकूने पेटीतून एक उचलली.

"माका म्हायत आसा," खंडू हळूच म्हणाला. "भीमराजान सांगल्यान माका पण. तू जातंस तर जा. माका एका डोळ्यान दुसरीकडे खंय काम गावतला?"

धाकूने त्याला दोष दिला नाही. ती कुर्ली घेऊन तो त्याच ग्राइंडरपाशी गेला. अर्धा तास लागला. जरा जाड स्प्रिंग कापून हवा तेवढा वेग बसवला, दांड्यावर चढवली, खटका जोडला, बेल्ट लहान पुलीवर घेऊन मशीन चालू केलं आणि मग हाताने तो मोठ्या पुलीवर सरकवला. दगड भणाणला. कुर्लीने नांग्या उघडल्या आणि मशीन गप्पकन बंद झालं. शेडमधल्या माणसांनी माना वर करून पाहिलं. एवढ्या हजारांत ती एकच, जिच्यासाठी केली होती त्या जागी बसली होती.

मग त्याने बेल्ट पुन्हा लहान पुलीवर घेतला, पुन्हा मशीन चालू केलं, खिशातला पंच काढला आणि 'धा'चं टोक दगडाला लावलं. ठिणग्या उडाल्या. टोक साफ गुळगुळीत झाल्यावर तो पंच ट्रेमध्ये टाकून तो गेटबाहेर पडला. भीमराजने उठून त्याला सलाम केला, जुन्या सवयीने.

आता धाकूचं दुकान घाटकोपरला आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. शिलाई मशीन दुरुस्त करतो. बायका मशीन घेऊन येतात, तो कान लावतो, कुठे काय अडकलंय ते सांगतो. पितळेला महिनोन्महिने हात लागत नाही. वास मात्र गेला नाही.

शेड सोडल्यावर दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, खंडू असल्फ्याला आला. शेवंतीने चहा दिला. इकडचं तिकडचं झालं. मग धाकूला राहवलं नाही.

"ती कुर्ली? ग्राइंडरवरची? चलता मां?"

खंडूने कप खाली ठेवला. "काढली."

"कित्याक? मशीन बंद पाडी काय?"

"नाय. बेल्ट ल्हान पुलीरच होतो, एकदा पण नाय पाडल्यान." तो जमिनीकडे बघत होता. "पेटीत एक नग कमी पडत होतो. गाडी दारात उभी. साहेबान माकाच काढूक सांगल्यान."

"स्प्रिंग जाड होती तिची."

"बदलल्यानी."

"'धा' होतो तिच्यार?"

"होतो."

धाकू उठला आणि नळाच्या ओट्यावर जाऊन बसला. शेवंतीने आतून चिंच आणून दिली. तो घासू लागला, आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या. थोड्या वेळाने खंडूही दारातून उठून आला, त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि त्याने हात पुढे केला.

"माका पण दी वायच," तो म्हणाला.